बाणावर काय लिहायचं?

शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला डिझाईन रिव्ह्यू ठेवणाऱ्या माणसासाठी नरकात वेगळी कढई तापत असणार, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. मागच्या शुक्रवारी तसंच झालं. रात्री दहाची ट्रॅव्हल्स बुक केलेली, सॅक टेबलाखाली तयार, आणि आमच्या आर्किटेक्ट मॅडम माझा सिक्वेन्स डायग्रॅम स्क्रीनवर लावून शांतपणे बघत बसलेल्या. शेवटी म्हणाल्या, "दिसतोय छान. पण यात एकही मेथड कॉल नाही. बाणांवर कॉल्स टाक, मग बोलू. सोमवारी."

झालं. तीन आठवड्यांचं काम आणि शेरा काय, तर बाणांवर कॉल्स टाक! मला वाटलं कारकुनी काम आहे, अर्ध्या तासाचं. बसमध्येच उरकून टाकू.

(बसमध्ये उरकलं नाही. शिरूरच्या आधीच झोप लागली. असो.)

ज्यांचा या प्रकाराशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सिक्वेन्स डायग्रॅममध्ये वरच्या बाजूला ओळीने चौकोन असतात. प्रत्येक चौकोन म्हणजे त्या गोष्टीतलं एक पात्र. प्रत्येकाखाली एक तुटक उभी रेघ सोडलेली असते, तिला म्हणायचं लाईफलाईन, म्हणजे आयुष्याची दोरी. वेळ वरून खाली सरकते. एका पात्राने दुसऱ्याला काही सांगितलं की एका रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंत आडवा बाण. इवार याकोबसन हे गृहस्थ स्वीडनमध्ये एरिक्सन कंपनीत टेलिफोन एक्स्चेंजवर काम करायचे, तिथून ही चित्रं पुढे आली. मग बूच, रंबॉ आणि याकोबसन या तिघांनी आपापल्या पद्धती एकत्र करून यूएमएल बनवली, तिला 1997 मध्ये प्रमाण म्हणून मान्यता मिळाली, आणि तेव्हापासून इंजिनिअरिंगची पोरं जर्नलमध्ये एटीएमचा सिक्वेन्स डायग्रॅम काढतायत. कार्ड घाला, पिन टाका, पैसे घ्या. मीही काढलाय. तुम्हीही काढला असेल, आणि तुमचाही समोरच्या बेंचवरून उतरवलेला असेल :)

बाणांचे प्रकार आहेत. भरीव टोकाचा बाण म्हणजे मी विचारलंय आणि उत्तर येईपर्यंत इथेच थांबलोय. उघड्या टोकाचा बाण म्हणजे मी सांगून टाकलंय, आता मी माझ्या कामाला मोकळा. तुटक रेघेचा उलटा बाण म्हणजे उत्तर परत आलं. व्हायवाला हे धडाधडा सांगता येतं. पण एक नियम आहे, तो पाठ असूनही माझ्या डोक्यात कधी शिरला नव्हता: बाण ज्याच्याकडे जातो, मेथड त्याची असते. बाण काढणाऱ्याची नाही. म्हणजे बाणावर कॉल लिहिणं म्हणजे समोरच्याच्या वतीने एक कबुली लिहून देणं, की हे काम याला येतं, एवढी माहिती दिली की हा ते करतो, आणि बदल्यात हे परत देतो.

माझ्या डायग्रॅममध्ये काय होतं? "पेमेंट करणे". "डिटेल्स घेणे". "कन्फर्म करणे". कोणी करणे? कोणाचं कन्फर्म? बाण सरळ रेषेत होते आणि रंगसंगती मात्र चांगली होती.

पहाटे पाचला बदनापूरला उतरलो. अण्णा मोटारसायकल घेऊन फाट्यावर उभे. घरी पोचलो तर काकांच्या शेडसमोर सगळं घर जागं. काका चार वर्षांपासून रेशीम करतात. दीड एकर तुती, एक शेड, आणि चॉकी केंद्रातून आणलेल्या बाल अळ्या. या खेपेला शंभर अंडीपुंजांची बॅच होती. अळ्या चंद्रिकेवर चढून कोष विणून झालेले, आणि आदल्या दिवशी सगळ्यांनी मिळून ते तोडलेले. काकू आणि आजी पोचट आणि डागी कोष बाजूला काढत बसल्या होत्या. मला चहा मिळायच्या आधी एक टोपली मिळाली.

रेशमाचं एक आहे, इथे थांबायला वेळ नसतो. कोष विणून झाल्यावर आतल्या अळीचा कोषा होतो, आणि दहा-बारा दिवसांत त्याचा पतंग होऊन तो कोष भोकसून बाहेर येतो. धागा तुटला की त्या कोषाची किंमत गेली. म्हणजे माल तोडल्यापासून विकेपर्यंत काही दिवसच हातात. जालन्याच्या बाजार समितीत 2018 साली कोषांची खरेदी-विक्री सुरू झाली. त्याआधी इकडचे लोक कोष घेऊन कर्नाटकात रामनगरमला जायचे. हजारेक किलोमीटर, पोत्यात जिवंत माल, आणि भाषा येत नाही. काका त्या काळात यात नव्हते, पण ज्यांनी त्या खेपा केल्या त्यांच्या गोष्टी पारावर अजून चालतात.

सकाळी आठला टेम्पो भरून जालना. मीपण गेलो. लॉट लावला. व्यापारी एकेक कोष बोटांनी दाबून, कानाशी नेऊन हलवून बघत होते. (आतला कोषा खुळखुळतो, त्यावरून कळतं म्हणे. मी पण हलवून बघितला. मला फक्त खुळखुळलं.) बोली लागली, काटा झाला, पावती हातात आली, खाते क्रमांक लिहून घेतला. काकांनी पावती दोनदा वाचली, घडी करून आतल्या खिशात घातली, आणि आम्ही भजी खायला गेलो.

दुपारी ओसरीवर लॅपटॉप उघडला. काका डोकावून म्हणाले, "हे काय, कडवंचीची द्राक्षबाग हाये का? खांब आन् तारा."

खरंच तसंच दिसतं ते. मी आयुष्यात पाहिलेली ती सिक्वेन्स डायग्रॅमची सर्वांत अचूक व्याख्या आहे. मी म्हटलं, थांबा, तुमचाच काढून दाखवतो. टेम्पोच्या भाड्याच्या पावतीमागे पेन्सिलीने चार खांब ठोकले: काका, बाजार, व्यापारी, बँक. पहिला बाण काकांकडून व्यापाऱ्याकडे काढला आणि वर लिहिलं, विका().

काकांनी चष्मा लावला. "मी कुठं त्याला इकाय लावलं?"

"तुम्ही विकताय ना पण?"

"मी इकतो, व्हय. पण तो काय करतो? तो घेतो. तुझा बाण त्याच्याकडं चाललाय ना? मग त्याच्याकडं जाऊन 'इका' कसं म्हणशील? 'घ्या' म्हण."

मी गप्प. बारावीनंतर चार वर्षं आणि नोकरीतली सहा वर्षं धरून जे मला शिकवता आलं नव्हतं ते काकांनी एका वाक्यात सांगून टाकलं. खोडलं, लिहिलं घ्या(कोष). त्यावरही त्यांचं समाधान नव्हतंच. म्हणे मी थेट त्याला 'घ्या' म्हणतच नाही, मी बाजाराकडं लॉट लावतो, बोली बाजार लावतो, काटा बाजार करतो. आणि किती कोष, कुठल्या दर्जाचे, हे नको का? म्हणजे कंसात काय काय द्यायचं तेही आलं. पंधरा मिनिटांत पावतीची मागची बाजू भरली. प्रत्येक बाणावर कॉल होता, आणि ज्याच्याकडे तो जात होता त्याला ते काम खरोखर येत होतं.

अण्णा इतका वेळ खाटेवर पडून ऐकत होते. मला वाटलं झोपलेत. ते उठले, पावतीवर बोट ठेवलं. शेवटी बँकेकडून काकांकडे मी तुटक बाण काढला होता आणि त्यावर लिहिलं होतं: पैसे.

"हे कव्हा?" अण्णांनी विचारलं.

"म्हणजे?"

"कागदावर बोटभर खाली काढलंस. बोटभर म्हणजे किती दिवस?"

या डायग्रॅममध्ये वेळ वरून खाली जाते खरी, पण किती वेळ ते अंतरावरून कळत नाही. दोन बाणांमधली अर्ध्या इंचाची मोकळी जागा म्हणजे एक मिलिसेकंद असू शकते किंवा सहा महिने. वेगळं लिहून दाखवायची सोय आहे, पण सहसा कोणी लिहीत नाही. अण्णांना यूएमएल येत नाही, पण त्या मोकळ्या जागेत ते राहून आलेत.

नोव्हेंबर 2016. मी सेकंड इयरला. आमचा बावीस क्विंटल कापूस निघाला होता, भाव पाच हजारांच्या आसपास, म्हणजे लाखाच्या वर रक्कम, आणि त्यातून माझी फी जायची होती. 8 तारखेला रात्री नोटा बंद झाल्या. मोंढ्यात रोख संपली. माल घरात ठेवायला जागा नाही, देणी तर थांबत नाहीत. एका व्यापाऱ्याने चेकवर माल घेतला. त्या दिवसांत सगळेच चेकवर घेत होते. अण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा मालाचा चेक घेतला, घरी आले, आणि त्यांच्या लाल डायरीत लिहिलं: 22 क्विंटल, पैसे आले.

चेक परत आला. खात्यात शिल्लक नाही. वर बँकेने चेक परत आल्याचे पैसे अण्णांच्याच खात्यातून कापले.

पुढचे काही महिने अण्णा दर आठवड्याला मोंढ्यात जायचे. शेठ बाहेरगावी. शेठ लग्नाला. शेठ आत्ताच गेले, पाच मिनिटं आधी आला असतात तर. बाजार समितीच्या नियमाप्रमाणे शेतकऱ्याचे पैसे लगेच द्यायला हवेत, हे अण्णांनाही माहीत होतं. चेक न वटणं हा गुन्हा आहे हे मामांनी सांगितलं, वकिलाची नोटीस द्या म्हणाले. अण्णांनी दिली नाही. पुढच्या वर्षी परत त्याच मोंढ्यात कापूस न्यायचा होता. म्हैस विकून फी भरली. व्यापाऱ्याने तुकड्या-तुकड्याने बरेचसे पैसे दिले. शेवटचा तुकडा राहिलाच. डायरीतलं "पैसे आले" अण्णांनी खोडलं नाही, फक्त पुढे एक प्रश्नचिन्ह काढलं. ती डायरी अजून देवळीत आहे.

मला हॉस्टेलवर यातलं काही कळू दिलं नव्हतं. म्हैस का दिसत नाही विचारलं तर आई म्हणाली, भाकड झाली होती. दूध देणारी म्हैस होती हो ती. मला तेव्हाही माहीत होतं आणि मी पुढे विचारलं नाही.

आता माझ्या डायग्रॅमकडे येतो. आमचं मोड्यूल पुरवठादारांना पैसे द्यायचं काम करतं. क्लायंट खाद्यपदार्थांच्या धंद्यात आहे, त्यामुळे पुरवठादार म्हणजे टेम्पोवाले, पॅकिंगवाले आणि शेतकऱ्यांचे गट. लेखापाल बटण दाबतो, आमची सिस्टिम बँकेला सांगते, बँक "ओके" म्हणते, आणि लेखापालाच्या आणि पुरवठादाराच्या, दोघांच्या स्क्रीनवर हिरवी टिक येते: पेड. मी काढलेल्या डायग्रॅममध्ये बँकेकडे भरीव टोकाचा बाण होता, "पेमेंट करणे", आणि तिकडून तुटक बाण, "कन्फर्म करणे".

रात्री जेवणं झाल्यावर परत बसलो आणि त्या बाणावर कॉल लिहायला गेलो. लिहिलं, रक्कम_वर्ग_कर(खाते, रक्कम). (मूळ कोडमध्ये ही नावं अर्थातच इंग्रजीत आहेत, पण ओसरीवर बसून तसं लिहवेना.) आता परत काय येतं? त्यासाठी बँकेचं इंटरफेस डॉक्युमेंट उघडलं. ते मी आधी वाचलं होतं, म्हणजे चाळलं होतं. त्यात स्वच्छ लिहिलंय: उत्तरात येतो संदर्भ क्रमांक आणि "विनंती स्वीकारली". बस. पैसे पोचले असं बँक त्या क्षणी म्हणतच नाही. म्हणू शकत नाही. एनईएफटी डिसेंबर 2019 पासून चोवीस तास चालते हे खरं, पण तिचे व्यवहार अर्ध्या-अर्ध्या तासाच्या बॅचमध्ये पुढे जातात, आणि समोरचं खातं बंद असेल, क्रमांक चुकला असेल, तर पैसे परत येतात. ते कळणार नंतर. कधी? बोटभर खाली.

म्हणजे माझी हिरवी टिक कशावर लागत होती? चेक हातात आला यावर. अण्णांच्या डायरीतलं "पैसे आले" मी जावामध्ये लिहून ठेवलं होतं.

शब्दांत लिहिलं होतं तोवर हे दिसत नव्हतं. "कन्फर्म करणे" या दोन शब्दांत काहीही मावतं. कॉल लिहायला गेलो तेव्हा चारच प्रश्न विचारावे लागले: हे काम कोणाचं, त्याला काय द्यायचं, तो परत काय देतो, आणि तोवर आपण थांबायचं का. चौथ्याला अडकलो. थांबायचं नाहीये, कारण थांबून उपयोग नाही. मग निकाल कोण सांगणार? बँक आपल्याकडे उलटा कॉल करणार. म्हणजे एक नवा बाण, बँकेकडून आमच्याकडे, स्थिती_कळव(संदर्भ क्रमांक, निकाल). आणि नियम काय? बाण ज्याच्याकडे जातो, मेथड त्याची. म्हणजे ही मेथड आमच्याकडे हवी. ती नव्हती. कुठल्याच क्लासमध्ये नव्हती. बँक हाक मारणार होती आणि आमच्या घरात ऐकायला कोणी नव्हतं.

यूएमएलमध्ये याचंही चिन्ह आहे, बरं का. पाठवल्याचं माहीत आहे पण कुठे पोचला ते नाही, अशा संदेशाचा बाण एका छोट्या काळ्या ठिपक्यावर संपवतात. हरवलेला संदेश. कॉलेजात ते चिन्ह बघून मी हसलो होतो, असलं कोण काढणार म्हणून.

इथे हत्यारांबद्दल एक तक्रार नोंदवतो. आमच्या सीनियर्सच्या जर्नलमध्ये रॅशनल रोझचे प्रिंटआउट असायचे. त्यात बाणावर राईट क्लिक केलं की समोरच्या क्लासकडे ज्या मेथड्स आहेत त्यांचीच यादी यायची, त्यातली निवडायची. हवी ती नसेल तर "नवीन" म्हणून त्या क्लासमध्ये आधी टाकावी लागायची. निदान आपण दुसऱ्याच्या गळ्यात काहीतरी घालतोय एवढं तरी कळायचं. आता मी प्लांटयूएमएल वापरतो. बाणापुढे काहीही टाईप करा, छान चित्र येतं. देव_जाणे() लिहिलं तरी येतं. मी करून बघितलं.

रात्री दीडपर्यंत बसलो. बँकेकडचा बाण उघड्या टोकाचा केला. नवा क्लास टाकला. निकालाचा चौकोन आखून त्याचे तीन भाग केले: पोचले, परत आले, आणि तिसरा, काहीच कळलं नाही. तिसऱ्या भागाला सर्वांत जास्त वेळ लागला. ठरावीक वेळात उत्तर नाही आलं तर आपणच विचारायला जायचं, स्थिती_सांग(संदर्भ क्रमांक). मोंढ्यात दर आठवड्याला जायचं तसं. फरक एवढाच की सर्व्हरला मोटारसायकलच्या पेट्रोलचा खर्च नाही आणि अपमान वाटत नाही.

आजी एकदा उठून बघून गेली. "डोळे फुटतील," म्हणाली.

सोमवारी मॅडमनी दहा मिनिटं बघितलं आणि एकच विचारलं, "ही स्थिती_कळव दोनदा आली तर?" (येऊ शकते. त्याचं उत्तर माझ्याकडे होतं. बुधवारी. सोमवारी नव्हतं.) मॅनेजरसाहेब मात्र वैतागले. रिलीज दोन आठवडे पुढे गेलं, आणि क्लायंटला हिरवी टिक ताबडतोब हवी होती, डेमोमध्ये ती फार आवडली होती म्हणे. मी म्हटलं, पैसे न पोचता हिरवं दाखवायचं नाही. आवाज जरा वर गेला असावा, कारण मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या. शेवटी तोडगा निघाला तो असा: पुरवठादाराच्या स्क्रीनवर पिवळा ठिपका, "बँकेकडे पाठवले", आणि पोचल्याचा निकाल आल्यावरच हिरवा. लेखापालाच्या स्क्रीनवर या रिलीजपुरती तीच जुनी टिक राहणार. मला ते पटलेलं नाही. मिनट्समध्ये माझा विरोध लिहून घेतलाय, बस तेवढंच.

मंगळवारी संध्याकाळी काकांचा फोन. कोषांचे पैसे जमा झाल्याचा मेसेज आला होता. मी म्हटलं, वा, अण्णांना सांगितलं का?

"सांगितलं ना," काका म्हणाले. "म्हणतो, मेसेजचं काय घेऊन बसलास, उद्या बदनापूरला जाऊन पासबुक छापून आण."